चेहरा शेवटी

१

बातमी आली तेव्हा बारकी नळाचे फोटो काढत होती.

चकचकीत वस्तूचा फोटो काढणं म्हणजे डोक्याला ताप. आजूबाजूचं सगळं तिच्यात उमटतं. दिवा उमटतो, छत उमटतं, काढणाऱ्याचं नाकसुद्धा. म्हणून तिने पांढऱ्या कागदांचा तंबू करून नळाला आत बसवलं होतं आणि एका फटीतून कॅमेरा रोखला होता. पन्नाशीला टेकली तरी घरात ती बारकीच होती. दादाने ठेवलेलं नाव, ते पुढे वहिनीनेही उचललं.

फोन वहिनीचाच होता.

"बारके, कामात आहेस?"

"आहे, पण बोल की."

"नको, आधी काम संपव. मग जरा बस. मग मला फोन कर."

"वहिनी, काय झालं?"

पलीकडे कुणीतरी खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

"तुझा दादा गेला गं."

दादाचं चष्म्यांचं दुकान होतं. भिंगं आणायला तो सकाळी परगावी निघाला होता. वाटेत गाडी उलटली. एवढं सांगून वहिनीने फोन ठेवला. बारकीचा फोन कानालाच राहिला. दुसऱ्या हाताने तिने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. का दाबलं, ते तिला कधीच सांगता आलं नाही. बोट बटणावर होतं, म्हणून असेल.

तोच फोटो पुढे कंपनीने पसंत केला. कॅटलॉगमध्ये आहे तो. नळाच्या वळणावर एक काळी रेघ दिसते. नीट पाहिलं तर ती कागदातली फट आहे, आणि फटीत कानाशी हात नेलेली एक बाई उभी आहे. कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

इस्पितळात दाराशी उभा असलेला माणूस भला होता. हळू आवाजात म्हणाला, "चेहरा बघू नका ताई. आठवणीत आहे तोच राहू द्या." दादाच्या डोक्याभोवती पांढरं कापड गुंडाळलं होतं. कुणीतरी फार काळजीने, घडीवर घडी नीट बसवत गुंडाळलेलं. वहिनीने मान हलवली. बारकीनेही हलवली. बघणं हाच जिचा धंदा, तिने सांगितल्याप्रमाणे पाहिलं नाही.

२

छोट्या, हुबेहूब आगगाड्यांचा क्लब हा दादाचा दुसरा संसार. कापडाच्या दुकानामागच्या लांबट गोदामात, कमरेएवढ्या उंचीच्या टेबलांवर, क्लबच्या मंडळींनी वाफेच्या इंजिनांच्या काळातली एक अख्खी दुनिया उभी केली होती. कोळशाचे ढिगारे, पाण्याच्या टाक्या, इंजिन फिरवायची गोल चकती, डोंगर, बोगदा आणि बोगद्यासमोर दोन फलाटांचं स्टेशन. ते स्टेशन दादाचं. वीट न् वीट त्याने कोरलेली.

आता गोदाम रिकामं करायचं होतं. लेआउट, म्हणजे ती सगळी दुनिया, मोडावी लागणार होती. मोडण्याआधी तिचे नीट फोटो हवेत म्हणून क्लबच्या अध्यक्षांनी बारकीला बोलावलं. अध्यक्ष म्हणजे निवृत्त दातांचे डॉक्टर. दात कोरायच्या हत्यारांनी ते रुळांमधली खडी बसवत.

"तुझ्या वहिनीला तुझ्या दादाच्या स्टेशनचा मोठा फोटो हवाय," डॉक्टर म्हणाले. "भिंतीवर लावायला. बाकीचं राहिलं तरी चालेल. तेवढा एक चांगला काढ."

विजेचं काम बघणारे गृहस्थ टेबलाखाली आडवे झाले होते. त्यांना सगळे तारमास्तर म्हणत. ते तिथूनच बोलले. "आणि माझा एक काढा. पाण्याच्या टाकीपाशी उभा आहे बघा. पोट जसंच्या तसं काढलंय मेल्याने."

मग टेबलाखाली पक्कड पुन्हा वाजू लागली. 

बारकीने टाकीपाशी वाकून पाहिलं. करंगळीच्या नखाएवढे तारमास्तर, पोट पुढे, हातात पक्कड. डॉक्टर तिकीटखिडकीपाशी तोंड उघडून बोलत होते. प्रत्येक सभासद कुठे ना कुठे उभा होता. सगळ्यांचे पुतळे दादाने केले होते. आधी बूट, मग कपडे, मग हात. चेहरा शेवटी. "चेहरा आधी केला की माणूस बघायला लागतो," तो म्हणे, "मग बाकीचं काम होत नाही."

"इथे कुणीच नाही?" तिने दोन नंबरचा फलाट दाखवला. लांबलचक, झाडून ठेवल्यासारखा.

"आमचा रिवाज आहे," डॉक्टर म्हणाले. "ज्याने बांधलं तो आधी या फलाटावर उतरणार, मग बाकीचे. दादा सगळ्यांचं करत बसला. स्वतःचं विचारलं की, करू की, घाई काय आहे. तेव्हा तो फलाट रिकामा तो रिकामाच. आम्ही पाळतो हो असल्या गोष्टी. बायका हसतात घरी."

३

इतक्या लहान गोष्टीचा फोटो एका दमात निघत नाही. एवढ्या जवळून भिंगाला जेमतेम नखाच्या जाडीएवढं स्पष्ट दिसतं. त्याच्या पुढचं आणि मागचं सगळं लोण्यासारखं वितळलेलं. म्हणून कॅमेरा हलू न देता एकामागून एक फोटो घ्यायचे, दर वेळी भिंगाची नजर केसभर पुढे सरकवत. मग संगणक त्या सगळ्यांतला स्पष्ट तेवढा थर उचलतो, एकापुढे एक रचतो आणि अख्खं चित्र लख्ख होतं.

बारकीने कॅमेरा दोन नंबरच्या फलाटाच्या अलीकडच्या टोकाला, फलाटाच्या उंचीवर लावला. समोर फलाट पसरलेला, शेवटी बोगद्याचं काळं तोंड. अलीकडून पलीकडे. संगणकाला सांगितलं आणि ती हात बांधून उभी राहिली. बारीक घरघर, खटक. घरघर, खटक. भरदुपार होती. बाहेर कुणीतरी कापडाचे गठ्ठे उतरवत होतं.

घरी येऊन तिने चित्र रचायला लावलं आणि भाजी चिरायला गेली. परत आली तर पडद्यावर फलाट गच्च भरलेला होता.

माणसांची रांग होती. एकामागे एक, अलीकडच्या टोकापासून बोगद्यापर्यंत, लहान लहान होत गेलेली. सगळे पुरुष. सगळ्यांची पाठ तिच्याकडे. सगळ्यांच्या अंगात एकच करडा कोट, उजव्या हातात एकच पिशवी.

तारमास्तरांची मस्करी, असं तिला आधी वाटलं. मग वाटलं, मी फोटो काढताना हे मला दिसलं कसं नाही? तिने सुटे फोटो उघडले. प्रत्येकात एकच माणूस होता. पहिल्या फोटोत फलाटाची अलीकडची कड तेवढी स्पष्ट होती आणि तो तिथे होता. पुढच्यात नजर केसभर पुढे गेली होती, आणि तोही. जिथे म्हणून भिंगाला दिसत होतं, नेमका तिथेच. एकाही फोटोत तो धूसर नव्हता. शेवटच्यात तो बोगद्याच्या तोंडाशी होता, अर्धा अंधारात.

ती कॅमेऱ्यातली धूळ म्हणावी, तर धूळ चालत नाही. आणि एका जागी ठेवलेला पुतळा सगळ्या फोटोंत एकाच जागी दिसला असता. भिंगातली चमक असेल, जागरण असेल, असं तिने स्वतःला बजावून पाहिलं. चमकेच्या हातात पिशवी नसते, हेही तिलाच सुचलं.

तिने डॉक्टरांना फोन लावला.

"दोन नंबरवर कुणाला उभं केलं होतंत का आज?"

"छे गं. सांगितलं ना तुला, रिवाज आहे. का?"

"काही नाही. भास झाला असेल."

"होतं तसं," डॉक्टर म्हणाले. "मला अजून वाटतं तो दार ढकलून आत येईल आणि म्हणेल, कुणी हात लावला माझ्या ब्रशांना."

तिने फोन ठेवला आणि पुन्हा रांगेकडे पाहिलं. प्रत्येकाचा उजवा खांदा किंचित पडलेला होता. वर्षानुवर्षं जड पिशवी वागवून पडतो तसा. ती पाठ तिच्या ओळखीची होती. शाळेत जाताना दादा पुढे असे आणि ती मागे, नजर त्या खांद्यावर. पाठ तिच्याजवळ पुरेशी होती.

तिला चेहरा हवा होता.

४

दुसऱ्या दिवशी क्लबकडे निघताना ती वहिनीकडे थांबली. दादाचं टेबल वहिनीने आवरलं नव्हतं. फक्त दिव्यावर एक फडकं टाकलं होतं.

"फोटो झाला?" वहिनीने विचारलं.

"आज होईल. काल नीट आला नाही."

"तुझा फोटो नीट आला नाही? नवलच." वहिनी हसली आणि हसता हसताच तिने डोळे पुसले. मग ड्रॉवरमधून गोळ्यांची एक लहानशी रिकामी डबी काढली. "हे बघ. काल सापडलं. मला माहीतच नव्हतं."

कापसात एक पुतळा होता. करडा कोट, बूट, पिशवी. उजवा खांदा पडलेला. मानेच्या वर मात्र काहीच नव्हतं. म्हणजे डोकं होतं, नाकाडोळ्यांचे उंचवटेही होते, पण सगळं पांढरंफटक. रंग धरावा म्हणून आधी प्रायमर लावतात, त्याचा हात देऊन ठेवला होता.

बारकीचा जीव भांड्यात पडला. का पडला, याचा तिने खोलात जाऊन विचार केला नाही. पुतळा होता, आणि तो काल या ड्रॉवरमध्ये होता, हे खरं. पण निदान अशी एक वस्तू जगात होती.

"शेवटी मनावर घेतलं होतं त्याने," वहिनी म्हणाली. "चेहरा तेवढा राहिला. बारके, तुझा हात स्थिर आहे. एवढं रंगवून दे. ते सगळं मोडायच्या आधी एकदा त्याच्या फलाटावर उभं करू. डॉक्टर म्हणतात गाडी सोडू. मी कधी गेले नाही गं तिकडे. सारखी म्हणायची, लहान मुलांचे खेळ. त्या दिवशी येईन म्हणते."

"करते," बारकी म्हणाली.

"तुला आठवतो ना नीट? मला ना, डोळे मिटले की ते पांढरंच येतं समोर."

"मलाही," बारकी म्हणाली.

 मग वहिनीने डबी तिच्या पर्समध्ये घातली आणि चेन लावून दिली, प्रवासाला निघालेल्या पोरीची लावतात तशी.

५

डॉक्टर आणि तारमास्तर कोपऱ्यावर चहाला गेले होते. "तुझं चालू दे," म्हणून तिला आत सोडून. तिने कॅमेरा कालच्याच जागी लावला. भिंगाचं झाकण काढून स्टेशनच्या छपरावर ठेवलं. पर्स दाराजवळच्या खुंटीला टांगली, चेन बंदच.

काल नजर अलीकडून पलीकडे नेली, म्हणून तो जाताना दिसला. आज तिने उलटं सांगितलं. पलीकडून अलीकडे.

यात वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. तिने मनाशी ठरवलंही होतं, की काहीच दिसणार नाही, वहिनीला स्वच्छ फोटो मिळेल आणि आपण रात्री झोपू. या ठरवाठरवीत एक गोष्ट राहून गेली. सुरुवात कुठून करायची ते संगणकाला सांगितलं, थांबायचं कुठे ते सांगितलं नाही. ते सांगितलं नाही, तर भिंग जितक्या जवळचं पाहू शकतं तिथपर्यंत येत राहतं.

घरघर, खटक.

बोगद्याच्या अंधारातून तो बाहेर आला.

ती पडद्यावर बघत होती. प्रत्येक खटक्यासरशी नवा फोटो उमटत होता, आणि प्रत्येकात तो केसभर अलीकडे होता. या वेळी समोरून. कोटाची बटणं दिसली. पिशवीचा बंद दिसला. तिने मान उचलून खऱ्या फलाटाकडे पाहिलं. झाडून ठेवल्यासारखा रिकामा. मान खाली घातली, तर तो दिव्याच्या खांबापाशी पोचला होता.

चेहरा पांढरा होता.

बरोबर आहे, ती स्वतःशी म्हणाली. रंगवायचा राहिलाय ना. प्रायमर आहे तो. तिला खरोखरच धीर आला. इतका, की ती पडद्याजवळ सरकली. तो बाकापाशी आला. तिकीटखिडकीपाशी आला, तिथे डॉक्टरांचा पुतळा वितळून नुसता डाग झाला होता. हा मात्र लख्ख. घरघरीच्या खालून आणखी एक आवाज येत होता का? बारीक खडीवर पाय घासत यावा तसा? तिने कान दिला. विजेच्या पेटीची गुणगुण होती. बाहेर गठ्ठे उतरवणं थांबलं होतं.

"दादा," ती म्हणाली. अगदी हळू. म्हणून बघितलं, इतकंच.

तो फलाटाच्या अलीकडच्या कडेला पोचला. पुढे टेबल संपत होतं. आता पुढच्या फोटोत काही नसणार, हे तिला माहीत होतं. कडेच्या अलीकडे, भिंगापर्यंत, वीतभर नुसती हवा होती. हवेत भिंगाला दिसण्यासारखं काही नसतं.

खटक.

तो होता. हवेत, कडेच्या अलीकडे, आणि पहिल्यापेक्षा मोठा. खटक. खांदे चौकटीबाहेर गेले. खटक. आता पडद्यावर नुसता पांढरा रंग होता. वरून खालपर्यंत, आणि अजूनही लख्ख.

त्यात धागे होते. उभे, आडवे. विणलेले. आणि डावीकडून उजवीकडे घडीवर घडी गेलेली, फार काळजीने बसवलेली.

प्रायमरला घड्या पडत नाहीत.

खालची घडी आत ओढली गेली, आणि पुढच्या फोटोत बाहेर आली होती.

बारकीने कॅमेऱ्याची तार उपसली. घरघर थांबली. अजून दोन-तीन फोटो बाकी होते, पडद्यावर त्यांच्या रिकाम्या चौकटी तशाच राहिल्या. ती मागे झाली आणि भिंतीला टेकली. नजर कॅमेऱ्यावर. कॅमेरा, पुढे ती वीतभर मोकळी जागा, पुढे फलाट. तिथे काही नव्हतं. भिंगाचं झाकण समोर छपरावर दिसत होतं. ते लावायचं तर हात त्या वीतभर जागेतून न्यावा लागला असता.

डॉक्टर आणि तारमास्तर परतले, तेव्हा ती कॅमेरा मागच्या बाजूने, तिवईसकट उचलत होती.

"झालं?" डॉक्टरांनी विचारलं.

"झालं."

"पांढरी पडली आहेस की गं. बस, चहा मागवतो."

"आणि हे झाकण तुमचंच ना?" तारमास्तर वाकून म्हणाले. "दोन नंबरच्या फलाटावर पडलंय. बघा हं, तिथे काही ठेवायचं नसतं."

त्यांनी ते उचललं, शर्टाला पुसलं आणि तिच्या हातात दिलं. तिने ते घेतलं. छपरावर ठेवलं होतं, असं काही ती बोलली नाही.

६

वहिनीला तिने पहिल्या दिवशीच्या फोटोंमधला एकच सुटा फोटो मोठा करून दिला. त्यातली तिकीटखिडकी तेवढी स्पष्ट होती. तिच्या बाजूला फलाटावर उभा असलेला तो तिने हाताने, ठिपका ठिपका करत पुसला होता.

"मागचं सगळं धूसर का गं?" वहिनीने विचारलं.

"इतक्या जवळून असंच येतं."

"छान आहे. डोळ्यांत पाणी असल्यासारखं दिसतं." वहिनीने तो भिंतीवर लावला, दोन पावलं मागे जाऊन पाहिला. "आणि चेहरा?"

"करतेय."

डॉक्टरांचाही फोन येऊन गेला. मंडळी थांबली आहेत, म्हणाले. घाई नाही, पण गोदामवाला रोज विचारतो. इंजिनात तेल घालून ठेवलंय. तुझी वहिनी येणार असेल तर खुर्ची आणतो. बारकी म्हणाली, या आठवड्यात देते.

पुतळा तिच्या टेबलावर आहे. शेजारी दादाचा सर्वांत बारीक ब्रश, गव्हाळ रंग, डोळ्यांसाठी काळा. तिने तो मोठ्या भिंगाखाली अनेकदा पाहिला आहे. प्रायमर गुळगुळीत आहे. त्याला घडी नाही, धागा नाही, कसलीही हालचाल नाही. बसल्या बैठकीला होईल एवढंच काम आहे. डोळे, भुवया, ओठ, हनुवटीवरचा तो व्रण. सगळं तिला आठवतं.

मात्र इतका लहान चेहरा रंगवायचा, तर पुतळा डोळ्यांसमोर वीतभर अंतरावर धरावा लागतो. भिंगाला दिसेल तितकाच जवळ. आणि चेहरा झाला, की माणूस बघायला लागतो.

दोनदा तिने ब्रश ओला केला. दोन्ही वेळा धुऊन ठेवला.

चेहरा रंगवायचा राहिला आहे.